ठोकळ्यांच्या केनवडातलं आवतन

पिंकीच्या लग्नाची तारीख निघाली, मांडववाला झाला, बँडवाला झाला, आचारीही पक्का झाला. मग केनवड गावच्या उकंडरावांच्या घरात तो विषय निघाला, जो सगळे टाळत होते. शेजारच्या जगदेवरावांना आवतन द्यायला कोण जाणार?

"मी जात नसतो," उकंडराव म्हणाले.

"तुमाले अजून कोणी विचारलंच नाही," त्यांची बायको भागिरथाबाई म्हणाल्या.

"विचारसान, म्हणून आधीच सांगतलं."

जगदेवराव हे उकंडरावांचे थोरले चुलतभाऊ. दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आणि मनांमध्ये तिच्याहून जाड काहीतरी. जगदेवरावांच्या मुलाचं, रामधनचं, लग्न झालं तेव्हा त्यांनी साऱ्या भावकीला चूलबंद आवतन दिलं होतं. चूलबंद म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. उकंडरावांच्या दारात मात्र ते 'घरटी एक माणूस' एवढंच बोलून निघून गेले. का, तर उकंडरावांनी आपल्या वास्तूच्या जेवणात त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. उकंडरावांनी त्याच दिवशी चारचौघांत सांगून टाकलं की जगदेवच्या ओट्यावर मी या जन्मात पाय ठेवणार नाही. असली वाक्यं बोलायला सोपी असतात. पुढे घरात लग्न निघेल हे तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

अडचण अशी की भावकीत जगदेवराव थोरले. ते ज्या मांडवात नाहीत तिथे बाकीची भावकी जात नाही. आणि आवतनाचा नियम असा की यजमानाने स्वतः दारात जाऊन हळदकुंकू लावून, अक्षता ठेवून ते द्यायचं. निरोप चालत नाही, मोबाईलवर पाठवलेली पत्रिका तर मुळीच चालत नाही. म्हणजे पोरीच्या लग्नात अनसिंग गावचे व्याही सारा गोतावळा घेऊन येणार आणि उकंडराव त्यांच्यासमोर एकटे उभे राहणार, पाठीमागे भावकीचं एक माणूस नाही. या विचाराने उकंडरावांना जेवण जाईनासं झालं होतं. तरी पाय ठेवणार नाही तो नाहीच.

तोड काढली रवीने. हा उकंडरावांचा मुलगा, पुण्याला एका कारखान्यात कामाला, बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर आलेला. त्याच्या तोडग्यासाठी आधी दुसरं केनवड समजून घ्यावं लागेल.

गावची बरीच पोरं पुण्याला, सुरतेला कामाला गेलेली. मोबाईलवर ठोकळ्यांनी घरं बांधायचा एक खेळ आहे, त्यात ती एकाच वेळी एकाच जागी येऊ शकतात. तिथे त्यांनी केनवड बांधायला घेतलं. आधी मारुतीचं देऊळ झालं, मग शाळा, पाण्याची टाकी, बसथांबा, मग ज्याचं त्याचं घर. कामावरून सुटलं की पोरं तिथल्या पारावर जमायची आणि इकडच्यासारख्याच रिकाम्या गप्पा मारायची. गावात राहून त्यात बांधकाम करणारी एकटी पिंकी, आणि साऱ्यांत तिचा हात चांगला. देवळाचा कळस तिनेच चढवला होता.

उकंडराव आधी याला रिकामे धंदे म्हणत. मग एकदा पिंकीने त्यांना त्यांचं घर दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "आपल्याले माडी काहून नाही?"

"खरीच कुठी हाये बाबा?"

"खरी बांधाले पैसा लागते. हिले काय लागते?"

माडी झाली. मग त्यांना विहीर पाहिजे झाली, मग गोठा, मग दारात संत्र्याचा बगीचा. जागा पुरेना तेव्हा ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, हे घे. ती जागा जगदेवरावांच्या घराची होती. पण त्यांच्या घरचं कोणी त्या खेळात नव्हतं, रामधन सुरतेच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करायचा, त्याला कुठला वेळ. तेव्हा बगीचा तिथे लागला आणि उकंडराव रोज चहाच्या वेळी तो बघू लागले.

"बाबा," रवी म्हणाला, "तुमी कोणत्या ओट्यावर पाय ठेवत नाही?"

"जगदेवच्या."

"कोणत्या गावातल्या?"

उकंडरावांनी त्याच्याकडे पाहिलं. रवीने मोबाईल पुढे केला. तिथल्या केनवडातही आपण दारोदार चालत जाऊ शकतो, हातात अक्षता म्हणून पिवळी फुलं धरता येतात, दारात ठेवता येतात. आवतन यजमानाने स्वतः दिलं, दारात जाऊन दिलं आणि शपथही मोडली नाही.

"तिथं पाय माहा नसते," उकंडराव विचार करून म्हणाले.

"नसतेच."

"पण जाणं माहंच असते."

"तुमचंच."

कोर्टात चालणार नाही अशी ही गोष्ट भावकीत चालण्यासारखी होती. रवी जगदेवरावांकडे गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आवतन घ्यायची इच्छा त्यांनाही होतीच. सामाईक भिंतीपलीकडे वाजंत्री वाजणार आणि आपण घरात पिठलं खात बसणार, हे त्यांनाही दिसत होतं. पण मान टिकला पाहिजे.

"येऊ दे त्याले," ते म्हणाले. "पण तिथं माह्यं दार कुठी हाये, ते दाखव."

रवीने दाखवलं. दाराच्या जागी संत्री लागलेली होती.

"हे कोणाचे झाडं?"

रवीने बोटाने पडदा थोडा सरकवला. झाडांना लागून उकंडरावांची माडी उभी होती.

मग जे झालं ते घरोघरी होतं. जगदेवराव म्हणाले, आधी बगीचा उपटा, माझं घर बांधा, मग आवतनाचं बोलू. उकंडराव म्हणाले, फळावर आलेली झाडं मी उपटणार नाही. भागिरथाबाई म्हणाल्या, "पोरीचं लगन महत्त्वाचं हाये का त्या मोबाईलमधले संत्रे?" उकंडरावांना दोन्ही महत्त्वाचं होतं, पण असं सांगता येत नसतं. शेवटी त्यांनी मान हलवली आणि झाडं काढताना तिकडे बघितलं नाही.

जगदेवरावांचं घर पिंकीने एका दुपारी उभं केलं. भिंती झाल्या, वर छपराचे कवेलू चढले, पुढे ओटा झाला, आणि तेवढ्यात तिला ब्लाऊजचं माप द्यायला बोलावणं आलं. ती उठून गेली. संध्याकाळी रवीने जगदेवरावांच्या मोबाईलवर खेळ चढवून दिला, त्यांच्या नावाचा माणूस घरात नेऊन बसवला आणि वरचं उघडं राहिलेलं कवेलू लावून टाकलं.

मग उकंडराव आपल्या ओट्यावर बसले, जगदेवराव त्यांच्या. दोघांच्या हातात मोबाईल. भावकीतली माणसं बघायला जमली होती, थोडी इकडे, थोडी तिकडे. उकंडरावांनी टोपी नीट केली. मोबाईलमधला त्यांचा माणूस माडीवरून निघाला, विहिरीत पडला, पिंकीने त्याला बाहेर काढलं, तो पुन्हा निघाला आणि देवळाला एक प्रदक्षिणा घालून जगदेवरावांच्या घरासमोर उभा राहिला.

"दार कुठी हाये?" उकंडराव म्हणाले.

ते मोबाईलमध्ये बोलले, पण मोबाईलमधून पोचायच्या आत ते भिंतीवरून पोचलं.

"मले काय विचारतं? मी आतमधी हावो. आतमधी नुसता अंधार हाये," तिकडून जगदेवराव म्हणाले.

कित्येक वर्षांत हे दोघे एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होते. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे दार शोधत होते. उकंडरावांनी घराला चारी बाजूंनी फेरी मारली. दार नव्हतं. पिंकीने जिभेचा शेंडा चावला.

"थांबा बाबा, मी ठेवतो दार," रवी म्हणाला आणि मोबाईल घ्यायला वाकला. पण उकंडरावांना आता धीर नव्हता. त्यांनी बोट दाबलं. पडद्यावरच्या माणसाच्या हातात फुलांच्या जागी कुदळ आली. त्यांनी आणखी जोरात दाबलं. समोरच्या भिंतीचा एक ठोकळा निखळला, मग दुसरा, मग कवेलूचा एक कोपरा खाली आला.

"उकंडा, आवतन द्याले आला का घर फोडाले?"

"दार नाही ठेवलं तं मानूस काय करन?"

"दार तुह्याच पोरीनं ठेवलं नाही."

"ब्लाऊजचं माप द्याले गेल्ती ते."

भोकातून उजेड आत गेला तसे जगदेवराव दिसले, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांना वळायचं कसं ते येत नव्हतं. उकंडरावांनी पिवळी फुलं भोकातून आत टाकली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "पिंकीच्या लग्नाचं चूलबंद आवतन हाये."

मग तिकडून आवाज आला, "पोचलं."

उकंडरावांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांना वाटलं, संपलं. कामं अशी संपत नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच भावकीतले बाबूलाल दारात आले आणि म्हणाले, "जगदेवले तिथं आवतन आणि आमाले इथं? आमी काय कमी हावो का?"

"तुमाले घरी येऊनच देतो ना," रवी म्हणाला.

"घरी तं साऱ्यायलेच भेटते."

थोरल्याला जो मान तोच आपल्यालाही, असं एकेक घर बोललं. ज्यांच्याकडे तसला मोबाईल नव्हता त्यांनी पोरांचे घेतले. पिंकी रोज एक-दोन घरं बांधू लागली, आता दारासकट. रुचिका नावाची तिची मैत्रीण मेहंदी काढायला आली तेव्हा नवरी एका हातावर मेहंदी काढून घेत होती आणि दुसऱ्या हाताने बाबूलालच्या घरावर कवेलू चढवत होती. उकंडराव संध्याकाळ झाली की तिथल्या गल्ल्यांतून फिरत आणि दारोदार फुलं ठेवत. आता ते विहिरीत पडत नव्हते. इकडच्या केनवडात त्यांनी भावकीच्या एकाही दारात पाऊल टाकलं नाही, कारण तशी गरजच राहिली नव्हती.

"एकदा खरं जाऊन या बाप्पा," भागिरथाबाई म्हणाल्या.

"डबल आवतन देत नसतात. तो अपमान होते," उकंडराव म्हणाले.

बाप आवतनाच्या कामात, नवरी बांधकामात. रवीने आणखी एक काम केलं. पुण्या-सुरतेच्या ज्या पोरांना सुट्टी मिळाली नव्हती त्यांच्यासाठी त्याने तिथे घरासमोर मांडव घातला. पताका लावल्या, पंगतीला लांब पट्ट्या अंथरल्या. पोरं म्हणाली, आम्ही कामाच्या मधल्या सुट्टीत येऊन बसू, निदान लग्नात असल्यासारखं वाटेल.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. तो नवरदेवाकडच्या माणसांनी. अनसिंगहून दोन गाड्या आणि कितीतरी मोटारसायकली आल्या होत्या. नवरदेव पारण्याच्या मिरवणुकीवरून मांडवात आला, बँड थांबला, लग्न लावायची वेळ झाली, आणि नवरीकडची बाजू मोकळी. भागिरथाबाईंच्या माहेरची काही माणसं तेवढी होती. भावकीचा पत्ता नाही.

"व्याही," अनसिंगचे व्याही सावकाश म्हणाले, "तुमची भावकी दिसून नाही राह्यली."

"येऊन राह्यली," उकंडराव म्हणाले. पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. आत पिंकी मुंडावळ्या बांधून बसली होती, तिने मैत्रिणीला विचारलं, कोणी नाही आलं का. आणि तिचा आवाज असा लागला की रुचिका उठून मांडवात बघायला गेली.

जगदेवरावांचं घर मांडवाला लागून. तिथून काही आवाज येत नव्हता, धूरही दिसत नव्हता. रवीने सुरतेच्या पोरांना 'सुरू होतंय' असं कळवायला मोबाईल उघडला आणि तो तसाच वडिलांकडे आला.

"बाबा, सारे आले हायेत."

"कुठी?"

रवीने पडदा दाखवला. ठोकळ्यांच्या मांडवात सारी भावकी बसली होती. पहिल्या जागेवर जगदेवराव, शेजारी त्यांची बायको, मग बाबूलाल, त्यांच्या घरची सगळी, रांगच्या रांग. कोणी भिंतीकडे तोंड करून, कोणी पताकेवर चढून, पण आली होती सगळी. खाली जगदेवरावांच्या नावापुढे एक शब्द लिहिलेला होता, 'वाढा'.

उकंडराव तडक निघाले. पागोट्याचा शेमला मागे उडत होता. जगदेवराव आपल्या दारात बसले होते, धोतर-टोपी, अंगात नवा सदरा, हातात मोबाईल. आत घरची माणसं नवे कपडे घालून हारीने बसलेली, ज्याचं त्याचं डोकं मोबाईलमध्ये. सकाळपासून कोणी काही खाल्लेलं नव्हतं, हे चेहऱ्यांवरून कळत होतं.

"जगदेवदादा, हे काय करून राह्यले?"

"हजर हावो. आवतन ज्या गावात देल्लं त्या गावात आलो. मांडवही तिथंच पाह्यला."

"लगन इथं हाये ना."

"इथलं आवतन आमाले कोणी देल्लं? तू देल्लं का?" जगदेवराव म्हणाले. हे ते चिडून म्हणत नव्हते. नियम सांगत होते. "सकाळपासून चूल बंद हाये आमची. लेकरं रडून राह्यले. पण तुह्या पोरीच्या लग्नाले बट्टा नको म्हणून कोणी उठलं नाही."

उकंडरावांनी मांडवाकडे पाहिलं. तिकडून सगळं अनसिंग त्यांच्याकडे बघत होतं. मग ते ओट्याची पायरी चढले, दुसरी चढले आणि जगदेवरावांसमोर उभे राहून म्हणाले, "चूलबंद आवतन हाये दादा. आता चाला."

हळदकुंकू नव्हतं, अक्षता नव्हत्या. जगदेवरावांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"चाल," ते म्हणाले. "पण हा उठत कसा असते ते सांग आधी. घंटाभरापासून बसून हाये माहा मानूस."

"राहू द्या त्याले बसलेला."

जगदेवराव खाली उतरले तशी सगळी भावकी दारादारांतून बाहेर आली, पोराबाळांसकट, आणि मांडवाची मोकळी बाजू बघता बघता भरली. लग्न लागलं. पिंकी रडली, भागिरथाबाई रडल्या, उकंडरावांनी रडायचं ठरवलं नव्हतं तरी त्यांचेही डोळे भरून आले. भावकी पाठीशी असली की बापाला रडायलाही बरं वाटतं.

मग पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, भात, बुंदी. यावेळी जगदेवराव पहिल्या पंगतीत, पहिल्या पानावर, आणि शेजारी अनसिंगचे व्याही. भावकी सकाळपासून उपाशी, तिची नजर वरणावरून हलत नव्हती. वाढून होत आलं. बाबूलालचा हात पत्रावळीकडे गेला.

"थांब," जगदेवराव म्हणाले. "पंगत वाढून नाही झाली."

"झाली ना. साऱ्यायले भेटलं."

"तिकडची नाही झाली." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढून रवीसमोर धरला. "पाहा."

रवीने पाहिलं. भावकी उठून आली होती तरी तिथली पंगत मोकळी झालेली नव्हती. सुट्टी न मिळालेली पोरं मधल्या सुट्टीत येऊन बसली होती, नीट रांगेत. शेवटच्या पानावर रामधन. बापाला तिथे घर झालं हे कळल्यावर तोही त्यात शिरला होता.

"पंगतीत शेवटच्या पानावर वाढल्याबिगर कोणी हात लावत नसते," जगदेवराव म्हणाले, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. सगळ्यांत जास्त भूक त्यांनाच लागली असावी.

उकंडरावांनी हातातली वरणाची बादली खाली ठेवली, मोबाईल घेतला आणि वाढायला लागले. एकेका पोरासमोर थांबायचं, भाकर खाली ठेवायची, समोरचा उचलतो, मग पुढे. ते वाकून वाढत होते, मांडवाच्या मधोमध, हातात मोबाईलशिवाय काही नसताना. "घे रे," ते पुटपुटत होते. "लाजू नको, घे अजून एक." अनसिंगचे व्याही वरणाकडे बघत होते, वरण निवत होतं. दोनशे माणसं हात आवरून बसली होती.

उकंडराव रामधनपाशी आले. भाकर ठेवली. मग आणखी एक ठेवली.

"त्याले गोड वाढलं का?" जगदेवरावांनी विचारलं. ते मोबाईलकडे बघत नव्हते, पानाकडे बघत होते.

"तिथं बुंदी बनत नाही दादा."

"मंग काय बनते?"

उकंडरावांनी रवीकडे पाहिलं, रवीने नवरीकडे. पिंकी नवरदेवाशेजारी मुंडावळ्या सावरत बसली होती. ती म्हणाली, "केक बनते. पण त्यात अंडं लागते."

लग्नाच्या पंगतीत अंडं, हा प्रश्न भावकीत आजवर कधी आला नव्हता. त्यातून जगदेवरावांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी माळेवरून हात फिरवला आणि बराच वेळ विचार केला.

"सुरतेले काय खात असंन काय माहीत," ते म्हणाले. "बनव पोरी."

पिंकीने मोबाईल मांडीवर घेतला आणि ती केक बनवायला लागली. नवरदेव वाकून बघत होता. पंगत थांबली होती.